नगामागे पैसे दिले आणि माल परत येऊ लागला

प्रश्न: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं सीएनसी जॉबवर्कचं युनिट आहे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर आम्ही दुसऱ्या कंपन्यांचे धातूचे सुटे भाग (नग) करून देतो. वडिलांनी उभं केलं, आता मी बघतो. नऊ टर्निंग सेंटर (नग फिरवून कापणारी मशीन), तीन व्हीएमसी (नग पक्का धरून फिरत्या टूलने कापणारी मशीन), आठ-आठ तासांच्या दोन पाळ्या, एकूण 42 माणसं. जवळपास सगळे नग आधी टर्निंगला आणि मग व्हीएमसीला जातात. व्हीएमसीचा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, साडेचार मिनिटं, रोज प्रत्येक व्हीएमसीवर एक सेटिंग (पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करणं), त्यात 80 मिनिटं तरी जातात. आठ महिन्यांपूर्वी मी टर्निंगच्या ऑपरेटरना ठरलेल्या आकड्यावरच्या प्रत्येक नगामागे पैसे द्यायला सुरुवात केली. पहिले तीन महिने टर्निंगने रोज 550 ऐवजी 650 नग काढले. डिस्पॅच मात्र जागचं हललं नाही, आणि आता शॉपवर आठ हजार नगांच्या क्रेट पडून आहेत. रिजेक्शन 1.8 टक्क्यांवरून 4.6 टक्क्यांवर गेलंय. ग्राहकाने दोन लॉट परत पाठवले; एकात 25 एच7 चा बोअर (25 मिलिमीटरचं, ठरलेल्या मर्यादेत बसायला हवं असं छिद्र) मोठा, दुसऱ्यात लहान. दोन जुने ऑपरेटर सोडून गेले. सगळ्यात हुशार ऑपरेटरला सुपरवायझर केलं, तर तो काहीच ठरवत नाही. दिवसाला चाळीस फोन मलाच येतात. आता खराब नगामागे दंड लावावा आणि सहा कॅमेरे बसवावेत असं मनात आहे. वडील म्हणतात, इन्सेन्टिव्ह उद्यापासून बंद कर. मी काय करू?
– अंबडचा एक तरुण कारखानदार

उत्तर:

दंड लावू नका. कॅमेऱ्यांची ऑर्डर दिली असेल तर थांबवा. वडिलांचं निदान बरोबर आहे, पण ‘उद्यापासून बंद’ हा उपाय घातक ठरेल. गेले आठ महिने जो पैसा घरी जातोय, त्याच्यावर कुणाचा मोटारसायकलचा हप्ता ठरलाय, कुणाच्या मुलाची क्लासची फी. तो एका नोटीसने काढून घेतलात तर अजून दोघं-तिघं सातपूर नाहीतर सिन्नरच्या कारखान्यांत जातील, आणि जातील ते चांगलेच जातील, कारण त्यांनाच बाहेर लगेच काम मिळतं.

आधी तुमची 18 टक्के वाढ गेली कुठे ते शोधू. रोज 100 नग जास्त, महिन्याचे 25 दिवस धरले तर तीन महिन्यांत 7,500 नग. तुम्ही लिहिता, शॉपवर आठ हजार पडून आहेत. म्हणजे ती वाढ ग्राहकाकडे कधी गेलीच नाही, ती तुमच्या क्रेटमध्ये बसली आहे. तिच्यासाठी तुम्ही पोलादाचे बार घेतले, वीज जाळली, इन्सर्ट (टूलची कापणारी, बदलता येणारी टोकं) वापरले आणि वर ऑपरेटरला बक्षीस दिलं.

कारण व्हीएमसी त्याहून जास्त घेऊच शकत नाही. एका पाळीत जेवणाचा अर्धा तास वजा जाता 450 मिनिटं, दोन पाळ्यांची 900. त्यातून सेटिंगची 80 काढली की 820. तीन मशीनची मिळून 2,460 मिनिटं, भागिले साडेचार: रोज 546 नग. टर्निंगने 650 काढले काय किंवा 800 काढले काय, दारातून बाहेर 546 च जाणार. ज्या जागी काम अडत नव्हतं तिथे तुम्ही घाई विकत घेतली, आणि जिथे अडत होतं तिथल्या माणसांना एक रुपयाही दिला नाही.

त्या थप्प्यांचं खरं नुकसान अडकलेल्या पैशापेक्षा मोठं आहे. अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: रांगेतले नग भागिले रोज पुढे जाणारे नग, म्हणजे एका नगाला थांबावे लागणारे दिवस. 8,000 भागिले 546, जवळजवळ पंधरा दिवस. आज टर्निंगला बोअर चुकला तर तो कळणार पंधरा कामाच्या दिवसांनी, व्हीएमसीच्या फिक्स्चरवर (नग धरणाऱ्या पकडीवर) बसवताना किंवा अंतिम तपासणीत. तोवर त्याच ऑफसेटवर (टूलच्या जागेत दिलेल्या दुरुस्तीवर) किती नग निघाले असतील? आणि तो इन्सर्ट कोणता होता, पाळी कुणाची होती, हे पंधरा दिवसांनी कुणाला आठवणार आहे? तुमचा लॉट परत येण्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं मशीनवर आहे. नगामागे पैसे देण्याची पद्धत जुनी आहे. फ्रेडरिक टेलरने 1895 मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांपुढे तिची एक कडक आवृत्ती मांडली होती: आकडा गाठला तर प्रत्येक नगाला चढा दर, चुकला तर सगळ्याच नगांना उतरता दर. मॅनेजमेंटच्या वर्गात टेलर म्हटलं की एवढंच शिकवतात. पण याच माणसाने सव्वीस वर्षं धातू कापण्याचे प्रयोग केले आणि 1906 मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि तुमच्या शॉपचं दुखणं त्या दुसऱ्या कामात सापडतं. कटिंग स्पीड गुणिले टूल लाइफचा ‘एन’ घात म्हणजे एक स्थिर संख्या, हे त्याचं समीकरण आजही प्रत्येक डिप्लोमाच्या पुस्तकात असतं. कार्बाइडसाठी एन साधारण 0.25 धरतात. म्हणजे स्पीड 20 टक्के वाढवला की इन्सर्टचं आयुष्य 48 टक्क्यांवर येतं, निम्म्याच्याही खाली. टेलरचा आग्रह होता की आधी टूल, स्पीड आणि फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) ठरवून पक्के करा, मग दराची गोष्ट काढा. तुम्ही दर आधी ठरवला आणि स्पीडची नॉब ऑपरेटरच्या हातात राहिली. रात्रपाळीला एकदा सहज जाऊन ओव्हरराइड, म्हणजे ठरलेल्या स्पीडच्या किती टक्क्यांवर मशीन चालतंय, ते बघा. 100 वर दिसला तर मला आश्चर्य वाटेल.

आता बोअर एकदा मोठा आणि एकदा लहान का, ते जुळवून बघा. इन्सर्टचं टोक झिजलं की बोअर हळूहळू लहान होत जातो. ऑपरेटर ऑफसेट देऊन तो परत मापात आणतो, हे बरोबरच आहे. आयुष्य निम्मं झालं की हे दुप्पट वेळा करावं लागतं. शेवटी इन्सर्ट बदलला आणि घाईत वेअर ऑफसेट, म्हणजे जुन्याच्या झिजेपोटी दिलेली दुरुस्ती, तसाच राहिला, तर पुढचे काही नग मोठ्या बोअरचे निघतात. मोठ्या बोअरचा लॉट बहुतेक असाच झाला असणार.

लहान बोअरचं कारण गरम नग. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं. मशीनमधून काढलेला नग खोलीपेक्षा 20 अंशांनी गरम असेल तर 25 मिलिमीटरचा बोअर जवळजवळ 6 मायक्रॉनने मोठा दिसतो. एच7 मध्ये तुमच्याकडे एकूण जागा 21 मायक्रॉनची, त्यातली पावभराहून जास्त नुसत्या घाईत गेली. ऑपरेटरला 25.004 दिसतं, तो ओके म्हणून क्रेटमध्ये टाकतो, नग गार झाला की 24.998. माणूस खोटं बोलत नाहीये. तो नग गार व्हायची वाट बघत नाही, कारण ती पाच मिनिटं तुम्ही त्याच्या पगारातून कापताय. आणि आपल्याकडे जानेवारीत सकाळी पारा दहाच्याही खाली जातो, तेव्हा पहिल्या पाळीला स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) दहा-पंधरा मिनिटं रिकामा फिरवून गरम करायला हवा. नगामागे पैसे घेणारा माणूस ती पंधरा मिनिटं कशाला देईल?

द्राक्षाचा माल तोडायला क्रेटमागे मजुरी ठरवली आणि कुणी बघायला नसलं की गोडी न भरलेला घडही क्रेटमध्ये येतो, हे निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही बागायतदाराला सांगावं लागत नाही. तुमच्या ऑपरेटरपैकी अनेकांच्या घरी बागा असतील. त्यांना ही गोष्ट तुमच्यापेक्षा आधी समजली असेल. ते बोलले नाहीत, कारण कुणी विचारलं नाही.

दंडाकडे येतो. समजा रोज 550 नग आणि सरासरी 4.6 टक्के खराब, म्हणजे 25 नग. कुणीही काहीही वेगळं केलं नाही तरी हा आकडा रोज 25 राहणार नाही. तो किती हलेल याचा हिशेब अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्टने 1924 मध्येच घालून दिलाय: सरासरी खराब नग गुणिले चांगल्यांचं प्रमाण, म्हणजे 25.3 गुणिले 0.954, त्याचं वर्गमूळ 4.9, त्याची तिप्पट साधारण 15. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तेवढं मोजा. याचा अर्थ 11 पासून 40 पर्यंतचा कुठलाही दिवस हा तुमच्या शॉपचा नेहमीचाच दिवस आहे. काल 36 गेले म्हणून तुम्ही आवाज चढवला, आज 20 निघाले, आणि तुम्हाला वाटलं आवाजाने काम झालं. ते आपोआप होणारच होतं. 36 च्या दिवशी दंड आणि 14 च्या दिवशी शाबासकी, म्हणजे पावसाला दंड आणि उन्हाला शाबासकी. 40 च्या वर गेला तर मात्र त्या दिवशी काहीतरी खास घडलंय: बारचा नवा हीट नंबर (पोलादाचा वेगळा घाणा), सैल चक (मशीनची नग धरणारी पकड), नवा माणूस. तेव्हा लगेच मशीनवर जा, त्याच दिवशी, आणि कारण शोधूनच परत या.

हे तुमच्या माणसांना दाखवायचं असेल तर गुणवत्तेचे अभ्यासक एडवर्ड्स डेमिंग आपल्या वर्गात करायचे तो लाल मण्यांचा खेळ करा. 800 पांढरे आणि 200 लाल मणी एका डब्यात टाका. 50 खळगे पाडलेली पट्टी करा, ती तुमच्या व्हीएमसीवर तासाभरात होईल. सहा जणांना डोळे मिटून एकेक पट्टी भरायला सांगा, लाल मणी म्हणजे खराब नग. सरासरी 10 येते, पण कुणाला 5 येतात, कुणाला 15. मग 15 वाल्याला दंड करून पुन्हा भरायला लावा. दहा मिनिटांत सगळ्या शॉपला कळतं की दोष डब्यात आहे. आणि डबा भरणारा मालक असतो.

कायद्याची बाजूही बघा. मालाच्या नुकसानीपोटी पगारातून कापायचं तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि दंडाची एकूण रक्कम त्या वेतनकाळातल्या वेतनाच्या 3 टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. म्हणजे मनस्ताप पूर्ण आणि वसुली किरकोळ. शिवाय दंड सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात खराब नग दिसायचेच बंद होतील: कुणी स्क्रॅपच्या ड्रममध्ये बुरांच्या खाली टाकेल, कुणी दुसऱ्या पाळीच्या क्रेटमध्ये मिसळेल. आज निदान 4.6 टक्के हा आकडा खरा तरी आहे. तो जपा.

आता इन्सेन्टिव्ह कसं काढायचं. टर्निंगच्या प्रत्येक ऑपरेटरचं गेल्या सहा महिन्यांचं सरासरी इन्सेन्टिव्ह काढा. समजा एकाचं महिन्याला 2,100 रुपये पडतं. तेवढी रक्कम त्याच्या पगारपत्रकात वेगळ्या ओळीत ठरावीक भत्ता म्हणून घाला, नगांशी काहीही संबंध न ठेवता. कुणाचाही हातात येणारा पगार एका रुपयाने कमी होता कामा नये. ठरावीक भत्ता पीएफच्या हिशेबात धरावा लागू शकतो आणि जादा कामाच्या दुप्पट दरातही येऊ शकतो, म्हणून आकडा जाहीर करण्याआधी सल्लागाराशी बोला. जाहीर करून मागे घेणं फार महाग पडतं. वेतनाच्या रचनेत बदल करायचा तर 21 दिवसांच्या नोटिशीची तरतूद आहे, तीही त्यांनाच विचारून पाळा.

हा खर्च तुम्हाला टोचेल. पण तो तुम्ही आजही करताय, आणि त्याच्या बदल्यात लॉट परत येतायत.

मग सगळ्यांना एकत्र बोलवा, दोन्ही पाळ्यांच्या मधल्या वेळेत, आणि स्वतः सांगा की योजना माझी होती आणि ती चुकीची होती. मराठीत सांगा आणि हिंदीतही सांगा. कन्सल्टंटच्या तोंडून नको, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. ‘बाजार बदलला’, ‘ग्राहकाची पॉलिसी’ असली पळवाट नको. तुम्ही चूक कबूल केलीत त्या दिवसापासून ऑपरेटर स्वतःची चूक सांगायला लागतो, आणि तुम्हाला खराब नगाची बातमी पंधराव्या दिवशी नको, पाचव्या मिनिटाला हवी आहे.

सेटर, इन्स्पेक्टर, हेल्पर आणि व्हीएमसीवाल्यांना आठ महिने काहीच मिळालं नाही. त्यांना काय द्यायचं? तीन महिने थांबा. शॉप स्थिर झालं की सगळ्यांसाठी एकच छोटी रक्कम ठेवा: महिन्यात पहिल्याच फेरीत ओके होऊन वेळेवर गेलेल्या नगांवर ठरणारी, हेल्परपासून सुपरवायझरपर्यंत समान, फक्त हजेरीच्या प्रमाणात. माझ्या मते ती पगाराच्या 5 टक्क्यांच्या आत असावी. त्याहून मोठी झाली की सगळी शॉप मिळून एखाद्या सावकाश काम करणाऱ्याच्या मागे लागते, किंवा ऑक्टोबरला घरच्या द्राक्षबागेच्या छाटणीसाठी सुट्टी घेणाऱ्याला टोमणे सुरू होतात. छाटणीच्या सुट्ट्या ऑक्टोबर आणि एप्रिलला येणारच. सप्टेंबर आणि मार्चमध्येच विचारून नावं लिहून घ्या आणि तेवढ्या दिवसांचं नियोजन आधी करा. दरवर्षी ठरलेल्या वेळी येणाऱ्या गोष्टीला गैरहजेरी म्हणत बसण्यात अर्थ नाही.

उत्पादन वाढवायचं ते व्हीएमसीवर, आणि त्यासाठी कुणालाही जास्त पळवायची गरज नाही. पहिलं काम, जेवणाच्या सुट्टीत व्हीएमसी थांबवू नका. टर्निंगचा एखादा ऑपरेटर लोडिंग-अनलोडिंग शिकला तर त्या अर्ध्या तासात तो मशीन चालवेल आणि स्वतः अर्ध्या तासाने जेवेल. टर्निंग थोडं थांबलं तर आता काही बिघडत नाही. रोज 180 मिनिटं, म्हणजे 40 नग. दुसरं, सेटिंग. एक सेटिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर शूट करा, सेटरला विचारून, आणि त्याच्यासोबत बसून बघा. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांची फोड वापरा: मशीन बंद असतानाच करता येईल ते वेगळं, मशीन चालू असताना करून ठेवता येईल ते वेगळं. सॉफ्ट जॉ (नग धरणारे, त्याच्या मापाला कापलेले जबडे) शोधणं, इन्सर्ट स्टोअरमधून आणणं, टूल होल्डरमध्ये बसवून लांबी मोजणं, प्रोग्रॅम लोड करणं, ड्रॉइंग काढणं, गेज आणणं, हे सगळं आधीचा लॉट चालू असताना व्हायला हवं. एका ट्रॉलीवर पुढच्या जॉबचं सगळं सामान एक तास आधी तयार. मग मशीन बंद करून उरतं ते फिक्स्चर बसवणं, शून्य घेणं (मापाचा आरंभबिंदू ठरवणं) आणि पहिला नग. पहिल्या नगासाठी सेटर इन्स्पेक्टरची वाट बघत उभा राहतो, तो वेळ व्हिडिओत बघून तुम्हीच चकित व्हाल. नियम करा: व्हीएमसीचा पहिला नग आला की इन्स्पेक्टर हातातलं काम खाली ठेवतो. 80 ची 35 मिनिटं झाली तरी रोज 135 मिनिटं वाचतात, म्हणजे 30 नग. दोन्ही मिळून 546 चे 616. जवळजवळ 13 टक्के, आणि हे नग खरोखर दारातून बाहेर जातील.

टर्निंगला मात्र लगाम घाला. व्हीएमसीच्या पुढे तीन दिवसांचा माल, म्हणजे साधारण 1,650 नग, एवढीच जागा जमिनीवर पिवळ्या पट्ट्याने आखा. जागा भरली की टर्निंग थांबतं. थांबलेल्या ऑपरेटरने मशीन पुसावं, सॉफ्ट जॉ बोअर करून ठेवावेत, व्हीएमसीवर मदत करावी. थांबलेलं मशीन बघून तुमचा जीव खालीवर होईल आणि ‘चला, दोनशे नग काढून ठेवू’ असं तोंडात येईल. तो मोह आवरा. पहिल्या महिन्यात टर्निंगचा आकडा पडणार आहे, पडायलाच हवा, आठ हजारांची थप्पी त्याशिवाय उतरणार नाही. अकाउंट्समध्ये मशीनच्या वापराची टक्केवारी बघणारं कुणी असेल तर त्यालाही हे आधी सांगून ठेवा.

बोअरसाठी मशीनवर एक साधी पद्धत लावा. 25 एच7 ची मर्यादा 25.000 ते 25.021. तिचा मधला अर्धा भाग, 25.005 ते 25.016, हिरवा. त्याच्या दोन्ही बाजूंना मर्यादेपर्यंत पिवळा, बाहेर लाल. सेटिंगनंतर सलग पाच नग हिरव्यात आले तरच लॉट सुरू. पुढे दर 25 नगांमागे सलग दोन नग मोजा, पाच मिनिटं गार करून किंवा खोलीच्या तापमानाच्या कूलंटमध्ये बुडवून. पहिला हिरवा असेल तर चालू ठेवा. पिवळा असेल तर दुसरा बघा. दोन्ही एकाच बाजूच्या पिवळ्यात असतील तर ऑफसेट द्या, विरुद्ध बाजूंना असतील तर थांबा, कारण मशीन किंवा पकड सैल आहे. लाल आला तर थांबा आणि शेवटच्या तपासणीपासूनचे सगळे नग वेगळे काढा. थांबल्यावर पुन्हा सुरू करायचं ते परत सलग पाच हिरवे आल्यावरच. इन्सर्ट तुटेपर्यंत चालवायचा नाही, ठरलेल्या नगांवर बदलायचा, आणि बदलताना वेअर ऑफसेट शून्य केल्याची खूण कार्डावर करायची. हे सगळं करण्याआधी एक नग घेऊन तीन जणांकडून एकाच बोअर गेजने मोजून घ्या. तिघांची उत्तरं सात-आठ मायक्रॉनने वेगळी आली तर आधी गेज आणि मोजायची पद्धत दुरुस्त करा. नाहीतर पिवळं-हिरवं सगळं वाया.

राहिला तुमचा सुपरवायझर. तुम्ही त्याला जबाबदारी दिली, अधिकार दिला नाही, आणि बहुधा पगारही कमी दिला, कारण इन्सेन्टिव्ह फक्त ऑपरेटरला होतं. ज्या कामात त्याचा हात बसला होता ते काढून घेतलं आणि ज्या कामाची कुणी शिकवण दिली नाही ते गळ्यात घातलं. तो तुम्हाला फोन करतो, कारण स्वतः ठरवलं आणि चुकलं तर बोलणी बसतात, विचारून चुकलं तर बसत नाहीत.

एका वहीत आठवडाभर येणारा प्रत्येक फोन लिहा: वेळ, प्रश्न, तुम्ही काय सांगितलं. शनिवारी दोघं बसून त्याचे तीन गट करा. एक, जे त्याने विचारायचंच नाही: लाल नग आला की मशीन थांबवणं, इन्सर्ट बदलणं, अर्ध्या दिवसाची रजा, पाळीतली माणसं इकडून तिकडे करणं, ठरलेल्या रकमेपर्यंत किरकोळ खरेदी. दोन, जे त्याने करून मग सांगायचं. तीन, जे तुमच्याकडेच राहील: डिस्पॅचचा क्रम बदलणं, ग्राहकाकडून डेव्हिएशन (मापात सूट) मागणं, कुणाला कामावरून कमी करणं. कागदावर लिहा, दोघांच्या सह्या करा, बोर्डावर लावा, म्हणजे ऑपरेटरनाही कळेल की इथे कुणाचा शब्द चालतो. त्याचा पगार सगळ्यात जास्त मिळवणाऱ्या ऑपरेटरच्या वर न्या. मग कठीण भाग तुमचा आहे. पहिल्या महिन्यात तो एक-दोन निर्णय तुम्ही घेतले असते त्याहून वेगळे घेईल. माल किंवा माणूस धोक्यात नसेल तर तो निर्णय तसाच राहू द्या आणि संध्याकाळी एकट्याला विचारा, काय विचार केला होतास. सगळ्यांसमोर एकदा जरी फिरवलात, तरी चाळीस फोन परत सुरू.

रोज सकाळी दहा मिनिटं व्हीएमसीपाशी उभं राहून बोला, केबिनमध्ये नको. फळ्यावर तीनच गोष्टी: काल किती ओके नग बाहेर गेले, व्हीएमसी किती मिनिटं बंद होती आणि कशामुळे, खराब नग कुठल्या कारणाने. ऑपरेटरचं नाव फळ्यावर कधीच नको. बोलणं सुपरवायझरने चालवावं. वडिलांनाही बोलवा. इतकी वर्षं शॉप चालवलेल्या माणसाला मशीनच्या आवाजावरून बरंच कळतं. फक्त त्यांना आधी सांगून ठेवा की सूचना सुपरवायझरला द्यायच्या, थेट ऑपरेटरला नाही.

कॅमेऱ्यांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून दोन चांगले बोअर गेज सेटिंग रिंगसह (गेज जुळवायची कडी), सॉफ्ट जॉचे जादा सेट आणि सेटिंगच्या तीन ट्रॉल्या घ्या. सोडून गेलेल्या दोघांना एकदा स्वतः फोन करा, परत बोलवायला नको, नुसतं विचारायला की शॉपमध्ये काय खुपत होतं. ते आता मोकळेपणी सांगतील. त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट महिन्याभरात दुरुस्त करा.

आणि आठ हजार नगांची थप्पी व्हीएमसीवर चढवण्याआधी प्रत्येक क्रेटमधून नग काढून बोअर मोजून घ्या, जुन्यात जुनी क्रेट आधी. एक लाल निघाला तर ती क्रेट पूर्ण तपासा. हे काम या आठवड्यातच सुरू करा, कारण परत येऊ शकणारा तिसरा लॉट कदाचित त्याच क्रेटमध्ये आहे.